टॉवर बंद पडला तर निरोप कसा जाईल?
कमी शक्तीच्या रेडिओ संचांचे जाळे



३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. ही बातमी बाहेर कशी आली हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एसटीचा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला, तर त्याला समोर गावच दिसेना. त्याने कळवले तेव्हा सरकारी यंत्रणा हलली. दीडशेहून अधिक माणसे त्या चिखलाखाली गेली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. त्या वेळी पुरामुळे महाड परिसरातील वीज आणि फोन दोन्ही बंद होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेथे तर गाडीरस्ताच नव्हता. मदतीला जाणाऱ्यांना अंधारात, पावसात डोंगर चढावा लागला.

कोणताही रेडिओ संच डोंगराला थांबवू शकत नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. परंतु शेजारच्या वाडीतील माणसाला पलीकडच्या खोऱ्यात एक ओळीचा निरोप देता आला, तर मदतीचे काही तास वाचतात. असा निरोप मोबाइल टॉवरशिवाय, इंटरनेटशिवाय आणि महिन्याच्या रिचार्जशिवाय पाठवण्याची एक पद्धत गेल्या काही वर्षांत स्वस्त झाली आहे. तिची माहिती प्रस्तुत लेखात करून घेऊ.

टॉवर का बंद पडतो?

मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की तो बॅटरीवर जातो आणि बॅटरी संपली की डिझेल जनित्रावर. डिझेल पोहोचवायला रस्ता लागतो. अतिवृष्टीत रस्ता खचला किंवा पूल पाण्याखाली गेला की टॉवरही त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी मुका होतो. म्हणजे ज्या वेळी निरोपाची खरी गरज असते, नेमक्या त्याच वेळी फोन लागत नाही. ग्रामसुरक्षा यंत्रणेसारखी सोय आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांत आहे. एका फोनवरून साऱ्या गावाला सूचना जाते, चोरी असो वा बिबट्या. ती उत्तम आहे व ती चालू ठेवावीच, पण तिलाही मोबाइलचे जाळे लागते.

मुळा नदी आणि वाकड

आता घराजवळचे उदाहरण घेऊ. वाकड हे आज पिंपरी-चिंचवड महापालिकेतील उंच इमारतींचे गाव झाले आहे. पलीकडे हिंजवडीचे संगणक उद्यान आहे. तरी वाकडच्या हद्दीवरून वाहणारी मुळा ही मुळशीची नदी आहे. मुळशी धरणाचे पाणी एरवी घाट उतरून वीज करायला भिऱ्याकडे जाते. धरण भरले की सांडव्यावाटे ते मुळेत येते, आणि पौड, घोटावडे, लवळे, म्हाळुंगे करीत वाकडच्या काठाला लागते. या सबंध पट्ट्यात काठावर विद्युत मोटारी आहेत. वरच्या अंगाला इंद्रायणी भाताची खाचरे आहेत, चाऱ्याची पिके आहेत, काठावर बांधलेली गुरे आहेत. विसर्ग वाढला की मोटार वर काढायला माणूस वेळेवर पोहोचला तर ठीक, नाहीतर मोटार, स्टार्टर आणि केबल असा तिहेरी खर्च डोक्यावर बसतो. गुरांचे तर मोल सांगायलाच नको.

या खोऱ्यातील अनेक कुटुंबांची आज दोन घरे आहेत. म्हातारी माणसे व जमीन मुळशी-मावळात, आणि मुलगा-सून नोकरीसाठी वाकड-हिंजवडीत. अशा कुटुंबांना ही पद्धत विशेष सोयीची आहे. एक टोक शेतावर, दुसरे टोक वाकडच्या इमारतीच्या गच्चीवर. शहरातील टोकाला इंटरनेट व फोन चालू राहण्याचा संभव जास्त असतो, म्हणून तेथून पुढे तहसील कार्यालयाला किंवा अग्निशमन दलाला कळवता येते. शिवाय संगणकाची माहिती असलेली मुलेही तेथेच आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी गावी येताना एक संच बरोबर आणावा.

हाळी देण्याची रीत

या संचात जे रेडिओ तंत्र वापरतात त्याला 'लोरा' म्हणतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सायक्लिओ या कंपनीने ते विकसित केले आणि २०१२ साली सेमटेक या अमेरिकन कंपनीने ती कंपनी विकत घेतली. संचाची शक्ती फार तर दीडशे मिलिवॅटच्या आसपास असते, म्हणजे घरातल्या रात्रीच्या लहान दिव्यापेक्षाही कमी. एवढ्या शक्तीत निरोप काही किलोमीटर कसा जातो?

आपण एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या माणसाला हाळी देतो तेव्हा भरभर बोलत नाही. नाव लांबवतो, स्वर चढवत नेतो. वाऱ्यात शब्द विरले तरी चढता स्वर कानाला कळतो. लोराचा संच हेच करतो. तो एकेक खूण सेकंदाच्या काही सहस्रांश भागापर्यंत लांबवून, चढत्या स्वरात पाठवतो. घेणाऱ्या संचाला तो स्वर आधीच ठाऊक असल्यामुळे भोवतालच्या गोंगाटाखाली दबलेली खूणही तो ओळखतो. मात्र हळू बोलण्याची किंमत मोजावी लागते. या रेडिओवरून आवाज जात नाही, छायाचित्र जात नाही. जातो तो फक्त लहान मजकूर. आमच्या मते हा दोष समजू नये. मोटारी वर काढा हे सांगायला छायाचित्र लागत नाही.

या संचांवर चालणारी 'मेशटॅस्टिक' नावाची मोफत संगणकीय प्रणाली आहे. केव्हिन हेस्टर या अमेरिकन गृहस्थांनी २०२० साली ती सुरू केली. डोंगर भटकणाऱ्यांना मोबाइल नसलेल्या भागात एकमेकांची खबर मिळावी हा तिचा मूळ हेतू. संच ब्लूटूथने आपल्या मोबाइलला जोडायचा आणि मोबाइलवर मजकूर टंकायचा. मोबाइलमध्ये सिमकार्ड नसले तरी चालते. काही संचांना स्वतःचा पडदा व कळफलक असतो, त्यांना मोबाइलही लागत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये. मोबाइलवरील अॅप इंटरनेट असतानाच उतरवून ठेवावे लागते. टॉवर बंद पडल्यावर ही आठवण होऊन उपयोग नाही.

एकाने ऐकले, दुसऱ्याने पुढे दिले

एका संचाचा निरोप थेट जितका पोहोचेल तितका पोहोचतो. त्यापुढे जाळ्याचे काम सुरू होते. प्रत्येक संच ऐकलेला निरोप एकदा पुढे सांगतो. सगळे एकदम ओरडू लागले तर कोणालाच काही कळणार नाही, म्हणून त्यात एक युक्ती केली आहे. ज्या संचाला निरोप क्षीण ऐकू आला, म्हणजे बहुधा जो लांब आहे, तो आधी बोलतो. जवळचे संच थोडे थांबतात आणि दुसऱ्या कोणी निरोप पुढे दिल्याचे ऐकले तर गप्प बसतात. निरोपाने किती वेळा पुढे जावे याला मर्यादा असते. कारखान्यातून येताना ती ३ असते व जास्तीत जास्त ७ करता येते. उगाच ७ करू नये. पाटाच्या पाण्याला जशी बारी असते तशी येथे हवेतील वेळेची बारी आहे. एकाने जास्त वेळ घेतला की दुसऱ्याचा निरोप अडतो.

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे आपला संच 'राउटर' या कामाला लावणे. नाव भारदस्त आहे, आणि आपला संच जास्त कामाचा व्हावा असे कोणाला वाटत नाही? परंतु ते काम फक्त डोंगरमाथ्यावरील किंवा सर्वांत उंच गच्चीवरील एखाद्या संचाचे. घरातले व शेतावरचे संच 'क्लायंट' हेच ठेवावेत. सखल जागेतील राउटर आधी बोलतो आणि उंचावरच्या चांगल्या संचाला गप्प करतो.

शक्तीपेक्षा उंची महत्त्वाची

२०१७ साली युरोपात सुमारे ३८ किलोमीटर उंचीवर गेलेल्या एका फुग्यावरून केवळ २५ मिलिवॅट शक्तीचा लोरा निरोप ७०२ किलोमीटर अंतरावर ऐकला गेला. उलट आपल्या घरात, सिमेंटच्या दोन स्लॅबखाली ठेवलेला त्याहून मोठ्या शक्तीचा संच एक किलोमीटरसुद्धा धड जात नाही. यावरून काय ते समजावे. सपाट जमिनीवर १० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर असते आणि ६० मीटर उंचीच्या इमारतीवरून ते सुमारे २७ किलोमीटरवर जाते. मध्ये डोंगराची सोंड आली की हा हिशोब संपला. ओली दाट झाडी व पावसाने भिजलेला उसाचा फडही लहरी खातात, म्हणून चाचणी उन्हाळ्यात यशस्वी झाली एवढ्यावर समाधान मानू नये.

पौड ते वाकड हे अंतर सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर आहे, पण मध्ये डोंगर आहेत. त्यामुळे दोन टोकांना दोन संच ठेवून भागणार नाही. मधल्या एखाद्या माथ्यावर, जेथून दोन्ही बाजू दिसतात, तेथे सौरपट्टीवर चालणारा एक संच लागेल. जागा शोधायला फार विद्या लागत नाही. गुराखी पोराला विचारावे की कोणत्या माथ्यावरून आपले गावही दिसते आणि रात्री हिंजवडीचे दिवेही दिसतात. तीच जागा. ती जमीन वन खात्याची, देवस्थानची किंवा खाजगी जिची असेल त्यांची लेखी परवानगी घ्यावी. देहूरोड, दापोडी, खडकी या बाजूला लष्करी हद्दी आहेत, तेथे परवानगीवाचून काहीही बसवू नये. जुन्नर तालुक्यातील वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत ती ऐकते. त्या परिसरात कोणताही प्रक्षेपक बसवण्यापूर्वी तेथील कार्यालयाला विचारावे.

कायदा काय सांगतो?

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. दंड भरण्यापेक्षा वाचणे स्वस्त.

रेडिओ लहरी ही सरकारी मालमत्ता आहे. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. अटी अशा की प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत असावी. संच मान्यताप्राप्त प्रकारचा असावा लागतो. दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन व समन्वय शाखा ही मान्यता देते. विक्रेत्याकडे त्या मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे व बिल जपून ठेवावे. ऑनलाइन बाजारात विनामान्यता रेडिओ उपकरणे सर्रास विकली जात असल्यामुळे २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्याबाबत मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. स्वस्त दिसले म्हणून घेऊ नये.

संच मागवताना ८६५ ते ८६८ या पट्ट्याचाच मागवावा. अमेरिकेसाठीचा संच ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि त्यातील काही भाग आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचा आहे. ४३३ मेगाहर्ट्झचाही नको. संच सुरू केल्यावर देश म्हणून भारत निवडावा.

यापुढचा मुद्दा बहुतेक माहितीपत्रकांत सापडणार नाही. प्रणालीत आधीपासून निवडलेली 'लाँगफास्ट' ही पद्धत २५० किलोहर्ट्झ रुंदीची आहे, म्हणजे वरील २०० च्या मर्यादेबाहेर. त्याऐवजी १२५ किलोहर्ट्झची 'लाँग मॉडरेट' पद्धत निवडावी. ती अधिक सावकाश आहे, पण पल्ला थोडा वाढतो आणि नियमही पाळला जातो. जाळ्यातील सर्व संचांवर एकच पद्धत हवी. एक संच जरी वेगळ्या पद्धतीवर राहिला तरी तो बहिरा. तसेच आधीपासून दिलेल्या खोलीची, म्हणजे चॅनेलची, किल्ली जगजाहीर असते. आपल्या गटासाठी वेगळी किल्ली करावी व तिचा चौकोनी संकेत प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर समक्ष टिपून घ्यावा.

बसवताना घ्यावयाची काळजी

अँटेना लावल्याशिवाय संच कधीही सुरू करू नये, त्यातील प्रक्षेपक जळू शकतो. मुलांच्या हाती देण्यापूर्वी हे दोनदा सांगावे. अँटेना उभी ठेवावी आणि पत्र्यापासून, लोखंडी जाळीपासून दूर ठेवावी. संच घरात आणि अँटेना गच्चीवर अशी लांब बारीक केबल टाकल्यास निम्मी शक्ती केबलीतच जिरते. त्यापेक्षा संचच पेटीत घालून अँटेनाशेजारी बसवावा.

पेटी विजेच्या दुकानात मिळणारी, झाकणाला रबर असलेली प्लॅस्टिकची घ्यावी. रंग पांढरा असावा, कारण मे महिन्याच्या उन्हात काळ्या पेटीतील बॅटरी लवकर खराब होते. वायर नेहमी खालून आत घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत न जाता झोळातून टपकते. राहिलेली फट बुजवावी. पाणी शिरले नाही तरी मुंग्या शिरतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पाल. वळवाच्या दिवसांत विजांचे भय असते. संच बसवलेला लोखंडी खांब परिसरातील सर्वांत उंच वस्तू होऊ देऊ नये व त्याचे भूसंबंधन जाणकाराकडून करून घ्यावे. वीज कडाडत असताना खांबाला हात लावायला जाऊ नये.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. कमी वीज खाणारे संच सुमारे १० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास. ३००० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल त्यांना बारा दिवस पुरतो. दुसऱ्या प्रकारचे संच शंभराच्या आसपास घेतात. त्यांना तोच सेल जेमतेम सव्वा दिवस पुरतो. माथ्यावर पहिल्या प्रकारचाच संच ठेवावा. आषाढात मुळशी खोऱ्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको, तेव्हा सौरपट्टी कितीही मोठी घेतली तरी किमान सात-आठ दिवस पुरेल एवढा साठा बॅटरीत असावा. घरी संच पॉवर बँकेवर चालवायचा असल्यास आधी रात्रभर चालवून पाहावा. काही पॉवर बँका एवढा कमी प्रवाह पाहून काही जोडलेलेच नाही असे समजतात व आपोआप बंद होतात.

मजकूर कसा लिहावा?

एका निरोपात सुमारे २०० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत मात्र अक्षराला तीन आणि त्यावरील काना, मात्रा, वेलांटी यांना प्रत्येकी आणखी तीन. "पाणी सोडले. मोटारी वर काढा." एवढ्या निरोपाला ६९ बाइट लागतात. सावकाश पद्धतीवर तो हवेतून जायला तीनएक सेकंद घेतो आणि मधल्या संचाने पुन्हा सांगितला की तेवढाच वेळ आणखी. पूर्ण भरलेला निरोप एका वेळेस सात सेकंदांच्या आसपास घेतो. म्हणून नमस्कार-चमत्कार, शुभ सकाळ आणि फुलांची चित्रे येथे आणू नयेत. गावचे नाव आधी, मग काय घडले, मग काय हवे. "घोटावडे. पूल बंद. आजारी १. गाडी हवी." असे मजकूर आधीच ठरवून कागदावर लिहून संचाजवळ चिकटवावेत, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही पाठवता येतील. वेळ घालावी, कारण काल रात्रीचा निरोप आज सकाळी कोणी वाचला तर घोटाळा होतो.

सर्वांसाठी निरोप पाठवल्यावर पडद्यावर पोहोचल्याची खूण येते, तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. कोणीतरी एका संचाने तो ऐकून पुढे दिला एवढेच ती सांगते. ज्याला सांगायचे त्याने वाचला असे ती सांगत नाही. यासाठी महत्त्वाच्या निरोपाला उलट उत्तर देण्याची शिस्त लावावी: "घोटावडे, मिळाले." उत्तर आले नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा पाठवावा.

नदीकाठी तरंगत्या कळीचा संच बसवून पाणी ठराविक खुणेवर आले की आपोआप निरोप जाईल अशीही सोय या प्रणालीत करता येते. ती जरूर करून पाहावी. पण या जाळ्यावरून मोटार चालू-बंद करण्याच्या मागे लागू नये. निरोप पोहोचेलच अशी हमी येथे नसते. न पोहोचलेल्या सूचनेमुळे माणूस एकदा चुकेल, न पोहोचलेल्या "बंद" मुळे मोटार कोरडी फिरून जळेल. तसेच धरणातील विसर्गाची अधिकृत सूचना हीच खरी. आपले जाळे ती सूचना पुढे नेणारे आहे, ठरवणारे नाही. कोणी ऐकीव बातमी त्यावर टाकली तर त्या दिवशीच त्याची समजूत काढावी.

सुरुवात तीन संचांपासून करावी. एक शेतावर, एक मधल्या उंच जागी, एक वाकडच्या गच्चीवर. एकट्याने खर्च करण्यापेक्षा पाणीवापर संस्थेने किंवा दूध संस्थेने तो केल्यास देखभालीला माणूस राहतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत संच बसवून व्हावेत, म्हणजे पावसापूर्वी महिनाभर चाचणीला मिळतो. चाचणी आठवड्यातून एक ठरलेला वार व वेळ धरून करावी, समजा गुरुवारी संध्याकाळी सात. त्या वेळी प्रत्येक संचावरून एकेक निरोप जावा आणि कोणाचा कोणाला मिळाला हे वहीत टिपावे. पेरणीच्या गडबडीत हा वार चुकतो असा सर्वत्र अनुभव येतो, म्हणून हे काम घरातील नववी-दहावीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. पहिला मोठा पाऊस झाल्यावर लगेच पुढच्या गुरुवारची वाट न पाहता एक चाचणी घ्यावी. ज्या जागेवरून उन्हाळ्यात निरोप जात होता आणि आता जात नाही, तेथील अँटेना झाडीच्या वर दोन-तीन मीटर उचलावी व पुन्हा पाठवून पाहावे.